खिम्यात गोडा मसाला

वडिलांनी पहिल्यांदा खिमा पॅटिस मागितलं तेव्हा मला वाटलं, औषधांमुळं ते काहीतरी बडबडताहेत.

केमोची चौथी खेप होऊन आठ दिवस झाले होते. मानेतल्या गाठी बसत आल्या होत्या, पण माणूसही त्यांच्याबरोबर बसत चालला होता. सदऱ्याच्या बाह्या हातांवर लोंबायच्या. वरणभात पुढं ठेवला की दोन घास चिवडून म्हणायचे, "माती लागते गं." खिचडी केली, माती. शिरा केला, तोही माती. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजनाचा कागद बघून मला बाजूला घेतलं. "पथ्य वगैरे विसरा. जे खावंसं वाटेल ते द्या. फक्त बाहेरचं नको, घरी केलेलं, ताजं. आणि पोटात प्रोटीन गेलं पाहिजे."

घरी आल्यावर मी त्यांच्या पलंगाशी बसले. "बाबा, काय खावंसं वाटतं? काहीही सांगा, मी करते."

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "छावणीतल्या बेकरीतलं खिमा पॅटिस."

हे ऐकून मला काय झालं ते कळायला आमचं घर माहीत हवं. आमचं घराणं भिक्षुकीचं. वडिलांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली, पण कचेरीच्या आधी आणि नंतर ते लोकांकडं पूजा सांगायला जायचे. चातुर्मासात आमच्याकडं कांदा-लसूण बंद. बाजारातून आणलेली पावाची लादीसुद्धा स्वयंपाकघरात यायची नाही, ती बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर असायची. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून गारखेड्यातल्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. धाकटा भाऊ बंगळुरात असतो. दर रविवारी तो मला फोन करतो आणि "बाबा कसे आहेत?" एवढं विचारतो. त्यांच्याशी बोलत नाही.

का बोलत नाही, तेही सांगते. तो अकरा वर्षांचा असताना वर्गातल्या मित्राकडं ऑम्लेट खाऊन आला. लपवायचं त्याला सुचलंच नाही, उलट आनंदानं सांगितलं, "बाबा, इतकं मऊ असतं!" वडिलांनी त्याची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, वास घेतला आणि त्याला फरफटत मोरीत नेलं. जानेवारीतली संध्याकाळ होती. अंगावर थंड पाण्याच्या बादल्या ओतल्या. मग गोमूत्र पाजलं, तो ओकेपर्यंत. पोटातलं सगळं पडून नुसतं पिवळं पाणी यायला लागलं तेव्हा थांबले. पुढचा महिनाभर त्याचं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. मी चौदा वर्षांची. ताटाला पळी लागू न देता वरून भाजी वाढायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी ते अगदी मन लावून केलं. तो वर बघायचा नाही.

आणि आता हे म्हणत होते, खिमा पॅटिस.

"तुम्ही खाल्लंय कधी?" मी विचारलं.

"दर शनिवारी. शनिवारी अर्धा दिवस कचेरी असायची."

"किती वर्षं?"

"बावीस. तेवीस असतील." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात लाळ जमली होती. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं नव्हतं. "गरम असायचं. वरचे पापुद्रे मिशीला चिकटायचे. आत मिरं आणि पुदिना. बेकरीच्या मागं एक बाकडं होतं, तिथं बसून खायचो. कपाळावरचं गंध आधी पुसून घ्यायचो."

"कशानं?"

"रुमालानं. मग त्यालाच हात पुसायचो."

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि उगाचच तोंड धुतलं. त्यांनी आयुष्यभर माझ्या तळहातावर तीर्थ दिलं होतं. त्याच बोटांनी. शनिवारी संध्याकाळी मारुतीला तेल घालून आल्यावर प्रसादाचं खोबरं त्याच बोटांनी माझ्या तोंडात घातलं होतं.

मी दोन दिवस तो विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही, आणि काही खाल्लंही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना संडासात नेताना माझ्या खांद्यावर पडलेला त्यांचा भार मला जाणवलाच नाही, इतके ते हलके झाले होते. त्या संध्याकाळी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

समोरच्या वहिनी मूळच्या करमाडच्या. गावाकडं शेती, नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात. मला वाटलं होतं, त्या त्यांच्याच घरी करून देतील. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, मग दार ओढून घेऊन बाहेर आल्या.

"ताई, आमच्या घरात नाय होणार. सासूबाई माळकरी हायत. अंड्याचं टरफल दिसलं तर गाव जमवतील." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पण मी येते तुमच्याकडं. खिमा मी आणते, करून बी दाखवते. लई सोपं हाय."

असा तो खिमा आमच्या स्वयंपाकघरात आला, रविवारी सकाळी, काळ्या पिशवीत. दुसरी जागाच नव्हती. मी देव्हाऱ्याला पडदा लावला. ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं आणि नाकाला पदर बांधला. वहिनी हसल्या. त्यांनी पिशवीची गाठ सोडली.

मी मांस लांबून पाहिलं होतं, दुकानात टांगलेलं, रिक्षातून जाताना. हे जवळून बघणं वेगळं होतं. लालसर, ओला, किड्यांसारखा एकमेकांत गुंतलेला गोळा. त्याला वास होता, आणि तो मला वाटला होता तसा कुजका नव्हता. गंजलेल्या लोखंडाला शेळीच्या अंगाचा ओला वास मिसळावा, तसा काहीसा.

"धुवा," वहिनी म्हणाल्या.

"मी?"

"मग? मी रोज कुठं येणार हाय?"

मी हात घातला. थंड होता, आणि मऊ, आणि बोटांच्या फटींतून वर येत होता. मुठीत दाबला की गुलाबी पाणी निघायचं. ते सिंकमध्ये पडून जाळीभोवती फेस धरायचं. मधूनच एखादी पांढरी शीर बोटाला गुंडाळायची. चरबी हातावर बसली ती पाण्यानं जाईना. साबण लावला तर साबणावर बसली. मी एकदा मोरीत जाऊन ओकले, तोंड धुऊन परत आले. वहिनींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात खिम्याचा होता हे मला नंतर ब्लाउजवरचा डाग पाहून कळलं.

वरच्या आवरणाचं मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. चिरोट्यांचा साटा मी आईकडून शिकले होते. तूप आणि तांदळाची पिठी हलकी होईपर्यंत फेसायची, पोळीवर लावायची, पोळीवर पोळी, घडीवर घडी. बाबांनी सांगितलेले पापुद्रे मला त्याच रीतीनं जमणार होते. मी मैद्याच्या पोळ्या लाटायला घेतल्या आणि हात आपोआप चालायला लागले. दिवाळीच्या आधी आई शेजारी बसून म्हणायची, "साटा कडेपर्यंत लाव, कडा कोरड्या ठेवू नकोस." मी साटा कडेपर्यंत लावला. आणि मग त्या पांढऱ्याशुभ्र चौकोनात तो करडा झालेला खिमा चमच्यानं ठेवला, तेव्हा मला आईच्या ताटात थुंकल्यासारखं वाटलं.

त्याआधी, खिमा परतताना, मसाल्यावरून आमचा वाद झाला होता. वहिनींनी काळा मसाला आणि तिखट आणलं होतं. पण बाबांचं तोंड आतून सोललेलं, तिखट चालणार नव्हतं. माझ्याकडं होतं ते काढलं : गोडा मसाला, आमसूल, गूळ.

"खिम्यात गूळ?" वहिनींनी कपाळाला हात लावला. "ताई, ही काय वांग्याची भाजी हाय व्हय?"

पण घातला. वर नावापुरती मिरपूड आणि पुदिना. बिनअंड्याचा केक करायला म्हणून घेतलेल्या छोट्या ओव्हनमध्ये सहा पॅटिस ठेवली. पंधरा मिनिटांनी घरभर वास पसरला, आणि सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही की तो वास वाईट नव्हता. भाजलेलं तूप, आमसूल, गोडा मसाला. सणासुदीचाच वास. त्याच्याखाली ते शेळीचं अंग. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते सुटलंय हे कळताच मी गॅलरीत जाऊन कुंडीत थुंकले.

मीठ वहिनींनी चाखलं. "अग्गं बया," त्या म्हणाल्या, आणि उभ्यानंच अख्खं पॅटिस खाल्लं.

बाबांनी दोन खाल्ली. आधी डोळे मिटून वास घेतला. मग चावा घेतला आणि चावत राहिले, बराच वेळ. त्यांचे गाल आत गेलेले, दात थोडेच उरलेले, त्यामुळं घास तोंडात इकडून तिकडं फिरायचा आणि ओठांवर तुपकट ओलं यायचं. गळ्याशी कातडी हलायची. मी बशी धरून उभी होते. मला बघवत नव्हतं, आणि नजरही हलत नव्हती.

"बेकरीतल्यासारखं नाही," ते म्हणाले. "पण माती लागत नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना माझं लक्ष बोटाकडं गेलं. नखाखाली एक करडा कण होता. मी खडू ठेवला, मुलांना वाचायला सांगितलं आणि टाचणीनं तो कण काढला. मग दिवसभर त्या हातानं कशालाच शिवले नाही, डबासुद्धा डाव्या हातानं खाल्ला.

पुढच्या रविवारी भावाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं तो चिडेल, नाहीतर हसेल.

"ऐकतोयस ना?"

"हो. तेवीस वर्षं म्हणाले?"

"हो."

"ताई, मी त्या दिवसानंतर कधीच काही खाल्लं नाही. ऑफिसात कोणी अंड्याचा डबा उघडला तर मी उठून जातो. लेकीच्या वाढदिवसाला केक कापतो, पण खात नाही, आत अंडं असतं म्हणून. ती विचारते, बाबा, तू केक का नाही खात? मी सांगतो, आवडत नाही. वासानं मला अजून ते मोरीतलं पाणी आठवतं. मला वाटायचं, निदान बाबांचा त्यावर खरंच विश्वास होता."

फोन ठेवल्यावर मी वहिनींनी आदल्या संध्याकाळी आणून दिलेला खिमा फ्रिजमधून काढला. वहिनी त्या दिवशी नव्हत्या, सगळं माझ्याच हातानं करायचं होतं. केलं. त्या खेपेला मेतकूट घातलं, कारण बाबा म्हणाले होते गूळ नको. वर चीज किसलं. मेतकूट आणि खिमा आणि चीज : हे लिहितानाही माझी जीभ आक्रसते. मी ओव्हनसमोर उभी होते आणि मला कशाची किळस येतेय तेच कळेनासं झालं होतं. हात खिम्यात होते, पण मळमळ पलंगावरच्या माणसाची होती.

त्यांचं अर्धं खाऊन झालं होतं तेव्हा मी विचारलं, "त्याला गोमूत्र का पाजलंत?"

त्यांचं चावणं थांबलं. कोणाला, केव्हा, हे त्यांनी विचारलं नाही.

"त्याच्या तोंडाचा वास ओळखीचा होता," ते म्हणाले. "बेकरीवाला पॅटिसांना वरून अंडं लावायचा, चकाकीसाठी. तो शनिवार होता. मी तासाभरापूर्वीच आलो होतो."

"मग?"

"तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. मला वाटलं, तिला त्याचा वास आला तर माझाही येईल. त्याला मोरीत नेलं आणि स्वतःवरही पाणी घेतलं. तुला आठवत नसेल. मीपण भिजलो होतो."

मला आठवत होतं. त्यांचं धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की ते रागानं भिजले.

"म्हणजे स्वतःचं खाल्लेलं त्याच्याकडून ओकवून घेतलंत."

त्यांच्या हनुवटीला चीजची तार लोंबत होती, आणि ती मी पुसली नाही. एरवी मीच पुसायची.

"आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"तिनं कधी विचारलं नाही." मग म्हणाले, "शनिवारचा रुमाल मात्र वेगळा भिजवायची."

मी बशी तशीच उचलून आत आले. त्यात अर्धं पॅटिस होतं. ते कचऱ्यात टाकलं, बशी टाकली, पातेलंही टाकलं. संध्याकाळी खाली जाऊन नवं पातेलं आणलं, कारण पुढच्या रविवारी पुन्हा लागणार होतं. वजनाचा काटा दीड किलोनं वर गेला होता.

असे एकूण अकरा रविवार. मी एकदाही चाखलं नाही. मला खिमा धुताना ओकारी यायची बंद झाली, एवढंच. किळस कमी झाली नाही. आधी अंगावर शहारा यायचा, नंतर नुसतं तोंड कडू पडायचं आणि दिवसभर तसंच राहायचं. वहिनी एखाद्या रविवारी यायच्या, दोन पॅटिस खाऊन, तोंडावर बडीशेप टाकून सासूबाईंकडं परत जायच्या. मला त्याही नकोशा वाटायला लागल्या होत्या, आणि त्यांच्यावाचून माझं निभणारही नव्हतं. बाबांच्या डोक्यावर हळूहळू पांढरी लव उगवली. केमो संपली. एक दिवस ते आपणहून म्हणाले, "आज वरणभात कर. वर लिंबू." अख्खा भात संपवला. त्यानंतर पॅटिसचं नाव त्यांनी काढलं नाही.

गणपतीला दहा-बारा दिवस होते. बाबा आता काठी घेऊन खालच्या पारापर्यंत जात होते. एके सकाळी ते आंघोळ करून, गंध लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"तो ओव्हन बाहेर काढ," ते म्हणाले. "गणपतीच्या आधी घर शुद्ध करून घ्यायचं. ओटा गोमूत्रानं पूस. ते पातेलंही ठेवू नकोस."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीच लाज नव्हती. गेले तीन महिने कोणा दुसऱ्याच माणसाला मी भरवलं होतं आणि आता हे परत आले होते, आपल्या उंबऱ्यापाशी, नाक वर करून. त्या क्षणी मला आली तेवढी किळस खिम्याचीसुद्धा आली नव्हती.

"काढते," मी म्हणाले. "आधी बंगळुराला फोन लावा. तुम्ही. आणि मला जे सांगितलंत ते त्याला सांगा."

"खिम्याचं त्याला तू सांगितलंयस. फोनवर बोललीस ते ऐकलं मी."

"मी सांगितलं. तुम्ही नाही. तोवर ओव्हन तिथंच राहील. गणपती बाहेरच्या खोलीत बसवू."

ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवण पलंगावर मागवून घेत होते, स्वयंपाकघरात येत नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि मोबाइल पुढं केला. मी नंबर लावून स्पीकर चालू केला आणि खिडकीशी उभी राहिले.

"मी बोलतोय," बाबा म्हणाले.

"बाबा? काय झालं? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. ते तू लहानपणी... ते ऑम्लेट." मग एका दमात म्हणाले, "मीपण खायचो. खिमा. त्या दिवशीही खाल्लं होतं. चूक माझी होती, तुझी नव्हती."

भाऊ म्हणाला, "कसं लागायचं?"

हा प्रश्न त्यानं का विचारला ते मला माहीत नाही. कदाचित दुसरं काही सुचलं नसेल. पण बाबांचा चेहरा एकदम सैल झाला. ते सांगायला लागले. पापुद्रे कसे मिशीला चिकटायचे, आतली वाफ कशी जिभेला भाजायची, चरबी वितळून खालच्या कागदावर कशी यायची आणि तो कागदसुद्धा कसा चाटावासा वाटायचा. सांगताना त्यांच्या ओठांवर लाळ आली. इतक्या प्रेमानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, माणसांबद्दल नाही आणि देवाबद्दलही नाही. मला ओरडून थांबवावंसं वाटलं.

"बाबा," भाऊ मध्येच म्हणाला. "बस. मला मळमळतंय."

आणि फोन ठेवला.

बाबा हातातल्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "सांगितलं मी."

"हो. सांगितलंत."

मी ओव्हन उचलून समोरच्या दारात नेला. वहिनींनी तो साडीखाली झाकून आत घेतला; सासूबाईंना नानकटाईसाठी आहे म्हणून सांगणार होत्या. ओटा मी साबणानं घासला. गोमूत्राला मी शिवले नाही, ती बाटली बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, तुमचं तुम्ही शिंपडा. त्यांनी शिंपडलं, काठीवर रेलून, कोपऱ्या-कोपऱ्यात, अगदी मन लावून.

भाऊ गणपतीला आला नाही. पण त्या महिन्यातल्या एका रविवारी माझ्याऐवजी त्यानं बाबांना फोन लावला. दहा मिनिटं बोलले. बंगळुरातला पाऊस, गुडघेदुखी, नातीची परीक्षा. मी आतून ऐकत होते. खाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही.